रात्री नऊची गोळी

अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरते, एवढ्या तक्रारीसाठी कोणी डॉक्टरांकडे जात नाही. मीही गेले नाही. २०११ चा जून महिना होता, शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि यवतेश्वराच्या बाजूने येणारा पाऊस साताऱ्यावर दिवसरात्र कोसळत होता. नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेला वर्षाच्या सुरुवातीला थकवा येतोच, वजन थोडे उतरले तर मैत्रिणी कौतुकच करतात, आणि रात्री घामाने उशी भिजणे हे चाळिशी जवळ आल्याचे लक्षण असावे, अशी माझी मीच समजूत घातली होती. डाव्या बरगडीखाली मात्र काहीतरी ठेवून दिल्यासारखे जड वाटत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जाताना जिन्यात दोनदा थांबावे लागू लागले, तेव्हा एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी राजवाड्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त देऊन आले.

संध्याकाळी लॅबमधून फोन आला. "मॅडम, नमुना पुन्हा द्यावा लागेल, आणि येताना घरचं कोणीतरी सोबत घेऊन या." या दोन वाक्यांपैकी दुसरे वाक्य ऐकल्यावर पहिल्याचे काही वाटेनासे झाले. निरोगी माणसाच्या रक्तात घन मिलिमीटरमागे चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात; माझ्या अहवालात एक लाख अडुसष्ट हजार लिहिले होते. यजमानांनी तो आकडा तीनदा वाचला आणि टंकलेखनात शून्य जास्त पडले असावे असे ते म्हणाले. ते बँकेत असल्यामुळे त्यांचा शून्यांवर फार विश्वास नव्हता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला झोपवून पोटावर हात ठेवला, श्वास घ्यायला लावला आणि बरगडीपासून खाली पाच बोटे मोजली. तिथपर्यंत माझी प्लीहा, म्हणजे पानथरी, वाढली होती. अर्ध्या भाकरीचा उलगडा तिथे झाला: जठराला फुगायला जागाच उरली नव्हती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हा रक्ताचा कर्करोग आहे, पण ब्लड कॅन्सर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, तो हा नाही. हा हळू चालणारा आहे, आणि याला गोळी आहे." त्या दिवशी मला त्यातला फक्त पहिला भाग ऐकू आला. दुसरा भाग खरा आहे हे पटायला मला पुढे दीड वर्ष आणि एक मोठी चूक लागली, आणि हे लिहिण्याचे मुख्य कारण ती चूकच आहे.

पुढचा प्रवास रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने दादरपर्यंत, आणि तिथून परळच्या टाटा रुग्णालयात. नातेवाइकांकडे उतरायचे नाही, हे मी ठरवले होते, कारण तिथे चहाबरोबर सहानुभूती प्यावी लागली असती. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. आम्हाला तिथे जागा मिळाली. सकाळी उठून परळला जाताना रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून राहिलेली कुटुंबे दिसत, स्टोव्हवर भात शिजत असे, एखादे टक्कल पडलेले मूल प्लास्टिकच्या गाडीशी खेळत असे. माझ्या हातातला अहवाल त्या फुटपाथवर अचानक हलका वाटू लागे आणि त्याची मला लाजही वाटे.

कमरेच्या हाडातून मज्जा काढण्याची तपासणी लोक सांगतात तितकी भयंकर नाही, पण सोपीही नाही. त्वचा आणि हाडाचे वरचे आवरण बधिर करतात. मज्जा ओढताना मात्र क्षणभर कोणी मांडीतून तार खेचल्यासारखे होते. मी त्या वेळी आवर्त सारणी मनात म्हणत होते आणि अॅल्युमिनियमपर्यंत पोहोचले तेव्हा काम संपले होते. अहवाल येईपर्यंत पांढऱ्या पेशी कमी करण्यासाठी हायड्रॉक्सीयुरिआ, पेशी मोडताना तयार होणाऱ्या युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल आणि दिवसाला तीन लिटर पाणी, असा कार्यक्रम होता. निदान पक्के झाले: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल), क्रॉनिक अवस्था, फिलाडेल्फिया गुणसूत्र आहे.

त्याच ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी सोलापूरचे एक गृहस्थ बसले होते. एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते, नखांत ग्रीसची काळी रेघ होती, मांडीवर डब्याची पिशवी होती. मी त्यांना कोणाला घेऊन आलात असे विचारले. ते म्हणाले, "कोणाला नाही, मीच पेशंट. दोन हजार तीनपासून गोळी चालू आहे. आज रात्रीच्या गाडीने परत, उद्या ड्यूटी आहे." आठ वर्षे! मी त्यांच्याकडे बहुधा फार रोखून पाहिले असावे, कारण त्यांनी हसून डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली. डॉक्टरांनी पुढे मला आलेख दाखवून जे समजावले, ते मला त्या ग्रीसच्या रेघेने आधीच सांगितले होते.

आजार काय आहे, ते शिक्षिकेच्या सवयीने थोडक्यात सांगते. मज्जेतील एका मूळ पेशीत नववे आणि बाविसावे गुणसूत्र तुटते आणि त्यांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. या आखूड झालेल्या बाविसाव्या गुणसूत्राची नोंद फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० साली केली, म्हणून त्याला त्या शहराचे नाव मिळाले. ही अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. जोडाच्या जागी बीसीआर-एबीएल नावाचे एक जनुक तयार होते, ते एक विकर, म्हणजे एन्झाइम, बनवते, आणि ते विकर 'वाढा, वाढा' असा हुकूम पेशीला अखंड देत राहते. बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलेल्या दारावरच्या घंटीसारखे. इमॅटिनिब हे औषध त्या विकराच्या नेमक्या खाचेत जाऊन बसते आणि घंटी थांबते. मानवांवरील पहिल्या चाचण्या १९९८ मध्ये सुरू झाल्या आणि १० मे २००१ रोजी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण निदानानंतर काही वर्षांचेच सोबती असत. त्यानंतर मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी ८३ टक्क्यांहून अधिक जिवंत होते. मला निदान २००१ नंतर झाले, यात माझे कर्तृत्व काही नाही. पण माझ्या आयुष्याचा हिशेब त्या तारखेवर उभा आहे.

रोज रात्री जेवणानंतर चारशे मिलिग्रॅमची एक गोळी, आणि तिच्यासोबत पेलाभर पाणी. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, एवढेच पथ्य. आमच्या घरी जेवणे साडेआठला सुरू होतात, म्हणून नऊची वेळ ठरली. ग्रेपफ्रूट वर्ज्य होते, ते आपल्याकडे सहसा नसतेच. पण त्याच कुळातले पपनस गणपतीत बाजारात येते, तेही मी सोडले. तुळशीचा काढा, गुळवेलीचा रस, पपईच्या पानांचे पाणी असे अनेक उपाय शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुचवले. कोणते औषध या गोळीचे रक्तातले प्रमाण कमी-जास्त करील हे सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नाही, हा नियम मी पाळला. एक बाई तर माझ्यासाठी कुठूनशी राख घेऊन आल्या होत्या. ती मी नम्रपणे तुळशीत घातली.

गोळीचे परिणाम दिसू लागले. सकाळी डोळ्यांखाली सूज येई, जणू रात्रभर रडले आहे. नव्या शिक्षकांना तसेच वाटत असे आणि ते माझ्याशी फार हळू बोलत. रात्री पोटऱ्यांत पेटके येत, इतके की दीड-दोनच्या सुमारास उठून भिंतीला हात टेकवून टाचा दाबत उभे राहावे लागे. तिसरी गोष्ट कोणीच सांगितली नव्हती: वर्षभरात माझा रंग उजळला. या औषधाने त्वचेतील रंगद्रव्य कमी होऊ शकते. लग्नकार्यात ओळखीच्या बायका विचारू लागल्या, "काय लावता हो? किती गोऱ्या झालात!" आपल्या समाजात गोरेपणाचे इतके कौतुक आहे की त्याची किंमत काय, हे विचारायची कोणाला आठवणच राहत नाही. मी एकीला खरे उत्तर दिले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पांढऱ्या पेशी सहा आठवड्यांत सात हजारांवर आल्या. पानथरी दोन महिन्यांत हाताला लागेनाशी झाली. यापुढचा हिशेब पेशींचा नव्हता, बीसीआर-एबीएलचा होता. तो दर तीन महिन्यांनी पीसीआर तपासणीने मोजतात. तीन महिन्यांत दहा टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांत एक टक्क्याच्या आत, वर्षभरात ०.१ टक्क्याच्या आत, अशा पायऱ्या डॉक्टरांनी एका कागदावर काढून दिल्या होत्या. माझे आकडे ऑक्टोबरमध्ये ८.१, जानेवारीत ०.९ आणि जुलै २०१२ मध्ये ०.०८ आले. तो कागद मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता आणि प्रत्येक पायरीवर लाल पेनाने बरोबरची खूण केली होती. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर बरोबरची खूण करण्यात केवढा आनंद होतो, हे वेगळे सांगायला नको.

आणि इथेच गाडी घसरली. ताप नाही, वेदना नाही, रक्ताचे आकडे शेजारणीपेक्षा चांगले. मग आजार कुठे आहे? रोज रात्री ती गोळी मात्र आठवण करून देई की तो आहे. हळूहळू मला औषधाचाच कंटाळा येऊ लागला, आणि कंटाळ्याला निमित्त मिळायला वेळ लागत नाही. त्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरात होते. आमच्या घरी नऊ दिवसांचे उपास आहेत. रात्री मी दूध आणि एक केळे घेत असे. पहिल्या माळेला त्यावर गोळी घेतली तर उलटी झाली. त्या दिवशीची गोळी वाया गेली असे धरून मी पुढचे आठ दिवस घेतलीच नाही. देवीचे दिवस आहेत, शरीराला तेवढीच विश्रांती, असे मी स्वतःला सांगितले. नंतर एकादशीलाही तेच. डिसेंबरात भाच्याचे लग्न कराडला होते, तीन रात्री मुक्काम होता. नातेवाइकांसमोर पर्समधून स्ट्रिप काढायची नव्हती, म्हणून ती मी घरीच ठेवून गेले.

जानेवारी २०१३ च्या तपासणीत आकडा १.२ आला. म्हणजे सहा महिन्यांत पंधरापट. डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "मागच्या वेळी तीन महिन्यांच्या किती गोळ्या घेतल्या होत्या? आणि घरी किती उरल्यात?" मी म्हणाले, पाहावे लागेल. ते म्हणाले, पाहून सांगा. घरी येऊन मी ड्रॉवर उघडला. नव्वद गोळ्यांच्या नऊ स्ट्रिपपैकी एक पूर्ण आणि एकीत सहा, अशा सोळा शिल्लक होत्या. नवरात्राच्या आठ, पाच एकादश्या, कराडच्या तीन. हिशेब चोख जुळला. नव्वदात सोळा म्हणजे शेकडा अठरा. मी पलंगावर त्या सोळा गोळ्या ओळीने मांडल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले. ज्या विद्यार्थ्याने प्रश्न सोपा म्हणून सोडून दिला आणि त्यातच गुण गमावले, त्याला मी वर्गात किती बोलले असते!

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी एका अभ्यासाविषयी सांगितले: लंडनमधील रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांच्या झाकणात नोंद करणारी चकती बसवून पाहिले होते, आणि दहा टक्क्यांहून अधिक गोळ्या चुकवणाऱ्यांत उत्तम प्रतिसाद मिळणारे फार थोडे निघाले होते. दहा टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या. मला तोवर वाटत होते की औषध हरले तर आजार वाढतो. औषध हरण्याआधी माणूसच त्याला घरी ठेवून लग्नाला जातो, हे ध्यानात आले नव्हते. विकराच्या खाचेचा आकार बदलला आहे का, म्हणजे औषध तिथे बसेनासे झाले आहे का, हे पाहण्यासाठी उत्परिवर्तनाची तपासणी झाली. तिचा अहवाल येईपर्यंतचे तीन आठवडे हे सगळ्या आजारपणातले सर्वांत वाईट दिवस होते. निदानाच्या वेळी दोष माझा नव्हता, या वेळी होता. उत्परिवर्तन नव्हते. तेच औषध, तोच डोस, फक्त रोज.

घरी हे सगळे सांगायचे धाडस मी सासूबाईंपाशी केले, कारण उपासांचा प्रश्न त्यांचा होता. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, दूध-केळ्यावर कशाला घेतलीस? खिचडी कर ना साबुदाण्याची वाटीभर. ती उपासाला चालते, गोळीलाही चालंल. देवी काय बसलीय होय तुझ्या गोळ्या मोजत?" विज्ञानाची शिक्षिका असलेल्या मला दीड वर्षात जे सुचले नव्हते, ते त्यांनी भाजी निवडता निवडता मिटवले. त्या रात्रीपासून नऊ वाजता त्या माझ्या पानाशेजारी पाण्याचा तांब्या आणि भांडे आणून ठेवू लागल्या. बोलत काही नसत. तांब्या दिसला की गोळी आठवे. त्याखेरीज मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गोळी घेतली की त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलने एक टिंब देऊ लागले; महिना संपला की टिंबे मोजायची. एप्रिलमध्ये आकडा ०.३ झाला, जुलैत ०.०७.

त्याच एप्रिलच्या पहिल्या तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर मूळ कंपनीने मागितलेले पेटंट भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार नाकारले गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीत वर्तमानपत्र माझ्यापुढे आले. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा आठ-दहा हजार, हे आकडे त्या दिवशी सगळ्यांनी वाचले. मी ते दुकानाच्या पावत्यांवर आधीपासून वाचत होते. गणिताचे सर म्हणाले, "बाई, पहिला आकडा तुमच्या पगाराच्या कितीपट?" उत्तर द्यायला कोणालाच पुस्तक लागले नाही. पुढे या गोळ्या आणखी स्वस्त झाल्या. वैद्यकीय प्रतिपूर्तीची माझी फाइल मात्र एका कार्यालयातून तीनदा परत आली, एकदा 'रुग्ण दाखल झालेला दिसत नाही' असा शेरा घेऊन. आजारी माणसाने उभे राहून काम केले तर तो पुरेसा आजारी नाही, अशी कागदांची समजूत असते.

चालण्याविषयी लिहिलेच पाहिजे, कारण लोक मला त्याबद्दलच अधिक विचारतात. पानथरी मोठी असेपर्यंत जड उचलणे, धक्का लागेल असे काही करणे मना होते. ती ओसरल्यावर मी पहिल्यांदा घरापासून राजवाड्यापर्यंत गेले आणि रिक्षाने परत आले. मग चार भिंतींच्या स्मारकापर्यंत. अजिंक्यताऱ्याच्या दरवाजापर्यंत पोहोचायला सात महिने लागले. आता आठवड्यातून चार दिवस पहाटे किल्ल्यावर जाते, मंगळाई देवीचे दर्शन घेते आणि सात वाजता खाली येते. हा काही पराक्रम नव्हे. साताऱ्यातले सत्तरीचे आजोबा माझ्या पुढे निघून जातात. परंतु पेटके चालण्याने निश्चित कमी झाले, आणि गोळीबरोबर येणारा जो एक मंद थकवा आहे, ओल्या गोधडीसारखा अंगावर पडून राहणारा, तो पडून राहिल्याने कधीच गेला नाही. उठून निघाल्यावर किल्ल्याच्या पहिल्या वळणावर कुठेतरी राहून जात असे. काही दिवस तिथेही जात नसे. त्या दिवशी मी परत फिरत असे, आणि त्याचे वाईट वाटून घेणे मी सोडून दिले आहे.

दर सप्टेंबरमध्ये मुलांना घेऊन कास पठारावर जाणे सुरू ठेवले. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे ओळखायला शिकवणे हे पुस्तकातून होत नाही. सीएमएलचा जागतिक दिवस २२ सप्टेंबरला पाळतात, नवव्या महिन्याची बाविसावी तारीख, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांवरून. फुलांच्या ऐन हंगामात तो यावा, हे मला आवडते.

शाळेत मुख्याध्यापक आणि दोन सहकारी सोडून कोणाला माहीत नव्हते. २०१४ मध्ये नववीच्या वर्गात गुणसूत्रांचा विषय निघाला. मी एक गुलाबी आणि एक पिवळा खडू घेतला, दोन्ही मोडले आणि तुकड्यांची अदलाबदल करून फळ्यावर धरले. "असे होते तेव्हा एक आजार होतो," असे म्हणाले आणि पुढचे वाक्य माझ्या तोंडून आपोआप गेले, "तो मला आहे." वर्ग गप्प झाला. पंखा तेवढा फिरत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "बाई, हे परीक्षेला आहे का?" मी नाही म्हणाले. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि सगळे हसले, मीही. मधल्या सुट्टीत मात्र दोन मुली आल्या, तुकडे जोडलेले खडू मागून घेऊन गेल्या.

घरच्यांचे प्रश्न वेगळे होते. माझी मुलगी निदानाच्या वेळी नऊ वर्षांची होती. ती वयात येऊ लागली तसे जाऊबाई मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचं आजारपण चारचौघांत बोलू नका, उद्या हिच्या लग्नाला अडचण येईल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांना समजावले की ही अदलाबदल जन्मतः नसते. ती पुढे कधीतरी मज्जेतील एका पेशीत होते, स्त्रीबीजात नसते, त्यामुळे आईकडून मुलीकडे जात नाही. आनुवंशिक हा शब्द आणि जनुकीय हा शब्द यांतला फरक माझ्या नववीच्या मुलांना कळतो, मोठ्यांना पटवायला वेळ लागतो. मी बोलायचे थांबवले नाही. मुलीने नंतर स्वतःच महाविद्यालयात या विषयावर चित्रांसह भित्तिपत्रक केले, आणि त्यात माझा उल्लेख 'आमच्या घरातील उदाहरण' असा केला. एक गोष्ट मात्र तरुण मुलींनी ध्यानात ठेवावी: या गोळ्या चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये, आणि मूल हवे असेल तर त्याविषयी आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण त्याचे नियोजन करता येते.

२०२० च्या टाळेबंदीत औषध संपत आले होते, ते एका ओळखीच्या दूधगाडीने पुण्याहून आणले. तपासणीचे रक्त कुरिअरने पाठवले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही, सगळ्यांचेच ते दिवस तसे होते.

२०२१ च्या शेवटी डॉक्टरांनी वेगळाच विषय काढला. चार वर्षे माझा आकडा ०.०१ च्या खाली होता. अशा रुग्णांना नियमित तपासणीच्या अटीवर गोळी थांबवून पाहता येते, आणि साधारण निम्म्या लोकांत आजार परत येत नाही. परतणार असेल तर बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत परततो आणि गोळी सुरू केली की पुन्हा आटोक्यात येतो. २०१३ ची माझी घसरण त्यांनी विसरलेली नव्हती. ती माझ्या विरुद्ध जाऊ शकते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी दोन महिने विचार केला. मरणाची भीती नव्हती. मोह मात्र होता, आणि मोहाने पूर्वी एकदा मला फसवले होते. पण या वेळी गोळी चोरून सोडायची नव्हती, सगळ्यांसमोर सोडायची होती. मी हो म्हणाले. जानेवारी २०२२ मध्ये थांबवली.

तिसऱ्या आठवड्यात गुडघे आणि मनगटे दुखू लागली, फळ्यावर लिहिताना हात खाली यायचा. गोळी थांबवल्यावर काहींना असे सांधे-स्नायू दुखतात आणि काही महिन्यांत ते थांबते, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते, म्हणून घाबरले नाही. दर महिन्याला तपासणी होती. आकडा पहिल्या महिन्यात ०.००६, दुसऱ्या महिन्यात सापडलाच नाही; मग ०.०३, ०.०९, आणि पाचव्या महिन्यात ०.२४. ०.१ ही रेघ होती, ती ओलांडली. फोनवर डॉक्टर म्हणाले, "आज रात्रीपासून सुरू करा." त्या दिवशी मी किल्ल्यावरून उशिरा उतरले. वाईट वाटले, हे खोटे बोलून काय उपयोग. पण २०१३ सारखे वाटले नाही. तेव्हा सोळा गोळ्या पलंगावर मांडल्या होत्या, या वेळी मांडायला काही नव्हते.

रात्री जेवताना मी सासूबाईंना सांगितले की गोळी पुन्हा सुरू झाली. त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी होते, कानाला कमी ऐकू येत असे. त्यांनी माझ्या पानाशेजारी बोट दाखवले. तांब्या आणि भांडे तिथेच होते. गेले पाच महिने त्या रोज रात्री नऊला ते ठेवत होत्या आणि मी ते पाहिलेच नव्हते, कारण पाणी काय, जेवताना लागतेच. "मी कुठं बंद केलं होतं?" त्या म्हणाल्या.

सप्टेंबरात आकडा ०.०२ झाला, डिसेंबरात पुन्हा ०.०१ च्या खाली गेला, आणि तेव्हापासून तिथेच आहे. सांधेदुखी गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांत गेली, पेटके परत आले. पुन्हा थांबवून पाहायचे का, हा प्रश्न डॉक्टरांनी काढलेला नाही आणि मीही विचारलेला नाही. पुढची तारीख नववीच्या घटक चाचणीच्या आठवड्यात आली होती. ओपीडीत विचारले, तर त्यांनी एक आठवडा पुढची दिली. परतीचे महालक्ष्मीचे तिकीट काढून ठेवले आहे.